फेसलेली मोहरी आणि चाळीस हॉट डॉग

मंडळी, बऱ्याच दिवसांनी इथे लिहिते आहे. मार्चअखेर ते सप्टेंबर २०२५ लेकीकडे शिकागोजवळ होते, तिथे काही लिहिणं झालं नाही. मिरजेला परत आल्यावर नागपूरच्या वन्संनी फोनवर विचारलं, "सहा महिन्यांत नवीन काय शिकलीस?" मी म्हटलं, "हॉट डॉग करायला." त्या बराच वेळ गप्प होत्या. मी जन्माची शाकाहारी, हे त्यांना ठाऊक आहे. म्हणून सविस्तर सांगते.

४ जुलै हा अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. आपल्याकडे १५ ऑगस्टला सकाळी झेंडावंदन, मग जिलेबी. तिकडे त्या दिवशी घरोघरी मागच्या अंगणात शेगडी पेटते आणि शेजारीपाजारी जेवायला येतात. याला ते कुकआउट म्हणतात. जेवण म्हणजे मुख्यतः हॉट डॉग: लांबट मऊ पाव मधोमध चिरायचा, त्यात भाजलेला सॉसेज ठेवायचा आणि वर ज्याला जे हवं ते. नावात कुत्रा असला तरी पावात तो नाही, एवढं आमच्या पिढीच्या वाचकांसाठी सांगून ठेवते.

पदार्थ मुळात जर्मन आणि ऑस्ट्रियन लोकांनी नेलेला. फ्रँकफर्टवरून फ्रँकफर्टर, व्हिएन्नावरून वीनर. शिकागोत १८९३ साली जी मोठी जागतिक जत्रा भरली, तिथे ऑस्ट्रिया-हंगेरीहून आलेल्या दोघांनी सॉसेज विकले आणि त्यातून पुढे 'व्हिएन्ना बीफ' हा कारखाना झाला. याच जत्रेच्या निमित्ताने शिकागोत सर्वधर्म परिषद भरली होती आणि ११ सप्टेंबरला स्वामी विवेकानंद तिथे बोलले होते. शाळेत हा धडा मी किती वर्षं शिकवला, पण त्याच गावात त्याच उन्हाळ्यात हॉट डॉगही मोठा होत होता हे काही पुस्तकात नव्हतं. पुढे १९३० च्या मंदीत हातगाड्यांवर पाच सेंटला पाव, सॉसेज आणि वर भाज्यांचा ढीग मिळू लागला. थोड्या पैशांत पोट भरायचं, हा त्यातला विचार. आपला वडापाव दादर स्टेशनबाहेर १९६६ च्या सुमारास आला, तोही असाच, घाईत असलेल्या कष्टकऱ्यांच्या पोटासाठी. १९३९ च्या जूनमध्ये तर राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी इंग्लंडच्या राजाराणीला सहलीच्या जेवणात हॉट डॉगच वाढले होते.

शिकागोचा म्हणून जो हॉट डॉग आहे, त्याचे नियम आपल्या सोवळ्याओवळ्यासारखे कडक. पाव खसखस लावलेला. वर पिवळी मोहरीची चटणी, चिरलेला कांदा, हिरवंगार गोडसर लोणचं, टोमॅटोच्या फोडी, खारवलेल्या काकडीची लांब फोड, छोट्या तिखट मिरच्या आणि शेवटी सेलरीचं मीठ भुरभुरायचं. टोमॅटो केचप मात्र निषिद्ध! शेजारी एक आजोबा राहतात, माझ्याच वयाचे, शिकागोत जन्मलेले. त्यांच्या मते लहान मुलांना केचप माफ आहे. मोठ्या माणसाने घेतला, तर त्याच्याशी पैशाचा व्यवहार करू नये.

तयारी आठवडाभर आधी सुरू झाली. माणसं तेवीस. सॉसेजचं पाकीट दहाचं आणि पावाचं आठचं. लेक आणि जावई दुकानाची यादी घेऊन वाद घालत होते. मी आयुष्यभर पाचवी ते सातवीला गणित शिकवलेली बाई. म्हटलं, "दहा आणि आठचा लसावि किती? चाळीस. सॉसेजची चार पाकिटं आणि पावाची पाच आणा, काही उरणार नाही." नातू अठरा वर्षांचा, एरवी कानात ती बटणं घालून बसलेला. त्याने एक बटण काढलं आणि म्हणाला, "आजी, दॅट इज कूल." त्याची माझी त्या आठवड्यातली ही पहिली बातचीत.

हे जरा सांगायला हवं. तो लहान असताना माझ्या मांडीवर बसून चिऊकाऊच्या गोष्टी ऐकायचा. मग शाळा सुरू झाली, मराठी मागे पडली. माझं इंग्रजी वाचण्यापुरतं, त्याचं मराठी जेवणापुरतं. ऑगस्टमध्ये तो कॉलेजला दुसऱ्या राज्यात जाणार होता आणि सप्टेंबरात मी परत. मी सत्त्याहत्तर वर्षांची आहे आणि गुडघे विमानात कुरकुरतात. मधे किती वर्षं जातील याचा हिशोब लसाविने सुटत नाही. लेकीच्या मनात मी कायमचं तिथेच राहावं असं होतं. 'हे' २०१९ साली गेल्यापासून मिरजेचं घर मी एकटीच सांभाळते. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. त्यामुळे घरात सगळं छान चाललेलं असताना एक प्रश्न कोपऱ्यात बसून होता: आई राहणार की जाणार?

असो. हॉट डॉगकडे येते.

वर घालायला काय करायचं, हे काम माझ्याकडे आलं. लेक म्हणाली, काहीतरी ताजं हवं, बाटल्यांतलं सगळे आणतातच. मी फ्रीजमधली ती पिवळ्या मोहरीची बाटली उचलून मागचं वाचलं. व्हिनेगर, पाणी, मोहरी, मीठ, हळद. हळद! त्यांच्या चटणीचा तो झगझगीत पिवळा रंग हळदीचा आहे. म्हणजे शिकागोच्या हॉट डॉगवर खसखस, मोहरी आणि हळद आधीच हजर आहेत. माझ्या मिसळणाच्या डब्यातले दोघे तिथे भेटले म्हटल्यावर माझी भीड चेपली. आपल्याकडे फेसलेल्या मोहरीची काकडी करतात, तीच कणसाच्या दाण्यांवर का चालू नये?

मोहरी फेसणं हल्लीच्या मुलींना माहीत नसेल म्हणून लिहिते. मोहरी कोरडी बारीक करायची, चिमूटभर मीठ आणि थोडं थोडं थंड पाणी घालून वाटीत जोरजोरात फेटायची. पाच-सात मिनिटांत नाकात झणका जातो आणि डोळ्यात पाणी येतं, म्हणजे झाली. दाणा अख्खा असताना तिखट नसतो. तो फुटून पाणी मिळालं की आतले पदार्थ एकमेकांना भेटतात आणि मग झणका तयार होतो. पाणी गरम घेतलं तर झणका येतच नाही. लिंबू मात्र शेवटी पिळायचं, आधी आंबट घातलं तर मोहरी चढत नाही. आपली काळी-तपकिरी मोहरी त्यांच्या पिवळीपेक्षा तिखट, तेव्हा हात आखडता हवा.

सहा कणसं शेगडीवर भाजून दाणे सोलले. तीन टोमॅटो, बिया आणि पाणी काढून, नाहीतर पाव लिबलिबीत होतो. दोन काकड्या चोचवून, मीठ लावून, पिळून घेतल्या. एक मोठा कांदा, दोन हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर, दोन लिंबं, चिमूटभर साखर आणि फेसलेली मोहरी दोन लहान चमचे. दही घातलं नाही, कारण ताट उन्हात राहणार. तिकडचा सरकारी नियमच आहे की खाणं दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, आणि ऊन ३२ अंशांवर गेलं तर एकच तास. दाण्याचं कूटही नाही. पाहुण्यांत एका मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी होती. कूट नाही म्हटल्यावर माझा हात अडखळला, पण मोहरीने सांभाळून घेतलं.

शेगडी नातवाकडे. त्यांच्याकडची ती गोल झाकणाची, तीन पायांची. ही शेगडी त्याच भागात जन्मली. १९५२ साली जॉर्ज स्टीफन नावाचे गृहस्थ शिकागोच्या एका पत्र्याच्या कारखान्यात होते. तिथे पाण्यात तरंगणाऱ्या निशाणीचे गोळे बनत. त्यातल्याच अर्धगोलाला पाय आणि वर झाकण लावून त्यांनी शेगडी केली. वारा आला तरी विस्तव शांत राहतो, झाकणातली झडप फिरवून आच कमीजास्त होते. नातवाने कोळसे पत्र्याच्या नळकांड्यात उभे पेटवले, राख धरल्यावर एका बाजूला ओतले, दुसरी बाजू मोकळी ठेवली. "इकडे हॉट, इकडे कमी हॉट," मला समजावून सांगितलं. विद्यार्थी शिकवायला लागला की मास्तरणीने गप्प बसावं.

मग त्याने सॉसेज नटवायचं कसं ते दाखवलं. लांब काडी आरपार ओवायची, सुरी तिरपी टेकवून सॉसेज हळूहळू फिरवत न्यायचा. काडी काढली की वळशावळशाचा होतो, जणू उलगडलेली चकली. कडा जास्त, म्हणून कुरकुरीत जास्त, आणि वळशांत कोशिंबीर नीट बसते. माझ्यासाठी सोयाबीनचे वेगळे आणले होते, त्यांवर मी हात चालवला. तिसऱ्याला जमलं. त्याचे सॉसेज आधीच शिजवलेले असतात, तरी आतपर्यंत ७४ अंश गरम व्हायला हवेत म्हणून त्याने सुईचा तापमापक खुपसून पाहिला. मोठ्या आचेवर नुसतं टाकून दिलं तर साल फाटून रस निघून जातो, तेव्हा आधी कमी आचेवर आणि शेवटी भडक्यावर. चार वर्षांखालच्या पोरांसाठी लांब उभे तुकडे करायचे, गोल चकत्या घशात अडकतात. हेही त्यानेच सांगितलं.

आता जे सांगते ते मला कोणी मागितलेलं नव्हतं. पाहुण्यांत गोमांस खाणारे होते, घरातले फक्त कोंबडी खातात आणि मी ही अशी. पेटवण्याआधी नातवाने जाळीचा उजवा भाग तारेच्या ब्रशने घासला, त्यावर स्वच्छ पत्र्याचं ताट ठेवलं आणि एका चिमट्याला हिरवा दोरा बांधला. जावयांनी विचारलं हे काय. तो म्हणाला, "आजीचा." बस्स. तेवीस माणसं जेवेपर्यंत तो हिरवा चिमटा दुसरीकडे गेला नाही. मी पाहत होते. मांडीवरच्या चिऊचं घर मेणाचं होतं, ते पावसात टिकलं होतं, एवढंच मनात आलं.

शेजारचे आजोबा आले. माझी कोशिंबीर पाहून आधी साशंक, मग केचप नाही याची खात्री करून एक चमचा घेतला. मोहरी नाकात गेली, डोळे पुसले आणि पाव पुढे केला. तीन हॉट डॉग खाल्ले. मग खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले. नातू मधे दुभाषा. त्यांची बायको गेली आहे, मुलं कॅलिफोर्नियात बोलावतात. मी विचारलं, मग जात का नाही? त्यांनी जे सांगितलं ते नातवाने जेवणापुरत्या मराठीत असं उतरवलं: "ते म्हणतात, इथे रात्री लाइट नसला तरी बटण कुठे आहे ते हाताला माहीत आहे."

मी काही बोलले नाही. मिरजेच्या घरातलं न्हाणीघराकडचं बटण, उंबऱ्यापासून अडीच पावलांवर, डाव्या हाताला. ते मला तिथे अंगणात बसून दिसलं.

पाहुणे गेल्यावर विस्तव विझत होता. चाळीसपैकी दोन उरले होते. नातू जाळी घासत होता. त्याने विचारलं, "आजी, तू जाणार ना?" आईने विचारलं असतं तर मी दहा कारणं दिली असती. त्याला नुसतं "हो" म्हटलं. त्याने मान हलवली. मग मोबाईल समोर धरून म्हणाला, ती मोहरी पुन्हा कर, मी व्हिडिओ घेतो. रात्री साडेनऊला मी पुन्हा मोहरी कुटली आणि फेसली. दोघांच्याही डोळ्यात पाणी आलं. मोहरीच ती, येणारच.

लेकीला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. ती रडली, रागावली, मग माझ्या गोळ्यांची यादी करायला बसली. रोज रात्री साडेआठला फोन उचलायचाच, अशी अट घातली आहे आणि मी ती पाळते.

नातवाच्या होस्टेलात शेगडी नाही, तव्यावर भागवतो. मागच्या रविवारी त्याने विचारलं, मोहरी फेटली पण झणका येत नाही, का? मी विचारलं पाणी कसं घेतलंस. म्हणाला, नळाचं, कोमट. मी म्हटलं, थंड घे. दहा मिनिटांनी नुसताच लाल डोळ्यांचा फोटो आला.