चला, एक रात्र चिखलदऱ्याला



तुमच्या घरातली बाई शेवटची केव्हा बाहेरगावी मुक्कामाला राहिली? माहेर, लग्नकार्य, दवाखाना आणि पंढरीची वारी सोडून सांगा. हाच प्रश्न मी आमच्या दादांना विचारला, तेव्हा ते म्हणाले, "अन् म्हशीचं कोन पाहीन?"

तर आधी म्हशीची सोय लावली. शेजाऱ्यांनी दोन्ही वेळा दूध काढायचे कबूल केले. जानेवारीचा दुसरा आठवडा होता. तूर सोंगून झाली होती, हरभरा घाट्यावर आला होता आणि त्याचे पाणी दोन दिवस मागेपुढे झाले तरी चालणार होते. मंगरुळपीर तालुक्यातल्या आमच्या गावाहून दादा, वहिनी, माझी मंडळी आणि मुले असे आम्ही नऊजण भाड्याच्या जीपने पहाटे निघालो. आपल्या वाशीमकडे थंड हवेचे ठिकाण म्हटले की महाबळेश्वरचे नाव निघते. ते लांबचे आणि खर्चाचे. आपल्या वऱ्हाडातले चिखलदरा मात्र पहाटे निघालात तर दुपारच्या जेवणाला गाठता येते.

कारंज्याला गुरुमंदिरात दर्शन घ्यावे आणि मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव, परतवाडा या रस्त्याने जावे. गाडीत झोपू मात्र नका. मूर्तिजापूर सोडले की पूर्णेचा खारपाणपट्टा लागतो. जमीन पाहाल तर काळीभोर, खोल, आपल्याला हेवा वाटावा अशी. पण भूगर्भातले पाणी खारे. ते पिकाला देत गेले तर त्यातल्या सोडियममुळे माती चिकट होते, निचरा थांबतो आणि वाळल्यावर वर कडक पापुद्रा धरतो. म्हणून नजर पोचेल तिथवर कोरडवाहूच: कापूस, तूर, हरभरा. पुढे अंजनगाव आले की देखावा पालटतो. पानमळे दिसतात, केळी दिसते, आणि परतवाड्याकडे संत्र्याच्या बागा सुरू होतात. सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी गोडे, त्याची ही करामत. दादा सारा वेळ खिडकीतून मान बाहेर काढून पाहत होते. "सारा पान्याचा खेळ आहे," एवढेच बोलले.

परतवाड्यानंतर घाट लागतो. शंभर मीटर वर चढलो की हवा अर्ध्या अंशाहून थोडी अधिक थंड होते, आणि चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंच आहे. स्वेटर हाताशी ठेवा. पोटभर खाऊन घाट चढू नका. आम्ही चढलो, आणि तीन वेळा गाडी थांबवावी लागली.

मुक्काम तंबूत केला. मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पात मनाला येईल तिथे राहुटी ठोकता येत नाही. ते वाघाचे घर आहे. गावात खासगी आवारात भाड्याने तंबू मिळाले, त्यातले दोन घेतले. खर्च वाचावा म्हणून घरून स्टोव्ह, पीठ, तवा, सगळे बरोबर आणले होते. संध्याकाळी आम्ही पुरुष आणि मुले सूर्यास्त पाहायला गेलो. परत आलो तो वहिनी आणि माझी मंडळी भाकऱ्या थापीत बसलेल्या. वहिनी हसून म्हणाल्या, "भाऊजी, चूल तेवढी बदलली." सहलीचा सगळा बेत मी आखला होता, अगदी म्हशीपर्यंत, हे काही सुचले नव्हते. जेवण गोड लागले नाही. तुम्ही जाल तेव्हा पीठ घरीच ठेवा.

रात्री थंडी कडाक्याची. पहाटे तंबूचे कापड दवाने आतून-बाहेरून ओले. दोनच्या सुमारास दादा उठून बसले होते. रात्रीच्या लाईटवर हरभऱ्याला पाणी द्यायची सवय, दुसरे काय!

दुसऱ्या दिवशी स्टोव्ह पिशवीतून काढलाच नाही. एका टपरीवर झुणका-भाकर घेतली. तव्यावरची गरम भाकरी दुसरीने वाढली आणि वहिनींनी ती बसून खाल्ली. दोन खाल्ल्या. मग म्हणाल्या, "अजून एक सांगा."

पाहायला पुष्कळ आहे. भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत टाकले, म्हणून कीचकदरा, त्याचे चिखलदरा झाले असे सांगतात. भीमकुंडात त्याने हात धुतले म्हणतात. धबधबे मात्र पावसाळ्यातले, आणि तेव्हा आपल्याला निंदण-डवरणीतून सवड नसते. जवळच गाविलगड आहे. नागपूरकर भोसल्यांचा हा किल्ला इंग्रजांनी १५ डिसेंबर १८०३ रोजी घेतला. त्यांचा सेनापती वेलस्ली, पुढे १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तोच. आज पडक्या भिंती आणि तळी उरली आहेत. चढउतार पुष्कळ, म्हाताऱ्या माणसांनी बेताने जावे. चिखलदऱ्यात कॉफीची झाडे आहेत, तीही मुलांना दाखवा. सावलीत वाढणारे हे पीक आपल्याकडे एरवी पाहायला मिळत नाही.

पंचबोल पॉइंटवर दरीत हाक मारली की ती पुन्हा पुन्हा उलटून येते. मुलांनी आपापली नावे ओरडून घेतली. मग वहिनींना आग्रह केला. नाव कोणाचे घ्यावे? दादांचे तर घ्यायचे नाही. थोडे थांबून त्यांनी पदर सावरला आणि मोठ्याने हाक मारली, "रंभेऽऽ!" रंभा म्हणजे आमची म्हैस. साऱ्या दरीतून रंभा, रंभा ऐकू आले. दादा हसता हसता खाली बसले. लग्नाला तीस वर्षे झाली, पण त्यांना असे हसताना मी तरी पाहिले नव्हते.

परतताना मोथा गावाजवळ गवळ्यांचा खवा घेतला. तिथे अलीकडे स्ट्रॉबेरीही लावतात, तीही घेतली.

घरी आलो तो रंभेने दूध चोरलेले. परक्या हाताला सोडीना. दादांनी दोन दिवस मला ऐकवले. तिसऱ्या दिवशी विचारू लागले, त्या स्ट्रॉबेरीचे रोप कुठे मिळते? मी सांगितले, आपल्या उन्हाळ्यात ती टिकायची नाही, खायची तर घाट चढूनच खावी लागेल. "मंग पुढच्या जानेवारीत," आतून वहिनी म्हणाल्या.