बसणं

आमच्या माणदेशात 'बसणं' या शब्दाला दोन अर्थ आहेत. पारावर, ओट्यावर, पंगतीला माणूस बसतो ते एक बसणं. आणि दिवस मावळताना कुणी जवळ येऊन आवाज खाली करून विचारतं, "मग, बसायचं का?" ते दुसरं. त्यात दारूचं नावही घ्यावं लागत नाही. सणासुदीला हा दुसरा अर्थच जास्त चालतो. बेंदराला बैलं मिरवून आणली, बसायचं. दसऱ्याचं सोनं लुटलं, बसायचं. पोरीचं जमलं तरी बसायचं आणि मोडलं तरी बसायचं. जत्रेला तर विचारायचीही गरज नाही.

आमचे आबा सोळा-सतरा वर्षं असे बसत होते. 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला गेले, दिवसभर घण मारून हात ठणकायचे म्हणून रात्री घोटभर घ्यायला लागले, असं ते सांगत. असेलही. पण त्याच खडीवर आई होती, आणि हात तिचेही ठणकत होते.

1989 च्या थंडीत आबांचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि सांगितलं, अजून वर्षभर असंच चाललं तर मग माझ्याकडं आणू नका. आई म्हणाली, "मग आजपास्नं बंद. घरी नेऊन कोंडूनच घालते." तर डॉक्टर म्हणाले, "तसलं काही करू नका बाई. रोज पिणाऱ्यानं एकदम सोडली की अंग थरथरतं, नाही नाही ते दिसायला लागतं, फिट येते, कधी जीवही जातो. इथं ठेवा, गोळ्या देतो." नऊ दिवस आबा खाटेवर होते. तिसऱ्या रात्री त्यांना भिंतीवर मुंग्यांची रांग दिसत होती आणि ते हातानं ती पुसत होते. मी सातवीत होतो. पुढं काय काय प्यायला दिलं हे सांगताना हे आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर कुणाला वाटेल की आईच्या आंबिलीनं आबांची दारू सुटली. सुटली ती गोळ्यांनी आणि त्यांच्या जिवाच्या भीतीनं. आंबिलीचं काम वेगळं होतं.

घरी आल्यावर दोन महिने बरे गेले. मग चैत्र आला आणि जत्रा आली.

पहिल्या दिवशी पुरणपोळीचा निवद आणि रात्री छबिना. दुसऱ्या दिवशी मटण, कुस्त्या आणि रात्री तमाशा. पाहुणेरावळे येतात ते दुसऱ्या दिवशी. आबा सकाळपासून उंबऱ्याच्या आत. येणारा प्रत्येक जण एकच विचारायचा, "माळ घातली का काय, आबा?" कारण आमच्या गावात दारूला नाही म्हणायचं एकच कारण चालायचं, ते म्हणजे गळ्यातली तुळशीची माळ. माळकऱ्याला कुणी आग्रह करत नाही, पाप लागतं. बाकी कुणी नाही म्हणालं की त्याला बायकोचं भ्या असतं, नाहीतर पैसा नसतो. आबा म्हणायचे, "मला मटण न्हाई सोडायचं, बाबा. दारू सोडायचीय." लोक हसायचे. निम्म्यांना तो विनोदच वाटायचा.

दुपार कलली तसे पाहुणे दोघं-दोघं, तिघं-तिघं मळ्याकडं सरकायला लागले. अंगणातली घोंगडी रिकामी झाली. आबा उठले ते आत जाऊन चुलीपाशी बसले. ऐन जत्रेत कर्ता पुरुष बायकांच्यात, भाकरी थापायच्या काटवटीशेजारी. आईनं त्यांच्या हातात लिंबाचं सरबत दिलं. त्यांनी एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. "ल्हान पोरागत ग्वाडग्वाड काय पाजतीस?"

आई काही शिकलेली नव्हती, पण तिनं त्या वाक्यात जे ऐकलं ते फार थोड्यांना ऐकू येतं. तिच्या ध्यानात आलं की पिणाऱ्याच्या जिभेला गोड चालत नाही. तिला आंबट पाहिजे, खारट पाहिजे, घशाला चरचरलं पाहिजे. आणि ते पेल्यातून घोट-घोट, बराच वेळ पुरवून घेता आलं पाहिजे. शिवाय बरोबर चावायला काही पाहिजे.

शाळूची रास नुकतीच घरात आली होती. नव्या शाळूचं पीठ आदल्या रात्रीच आंबट ताकात भिजवलेलं होतं, कारण चैत्रात आमच्याकडं आंबील असतेच. चार मापटी पीठ होतं. ते सकाळी तिनं आधणात धार धरून सोडलं होतं, गुठळी होऊ न देता. एरवी त्यात मीठ, जिरं आणि ठेचलेला लसूण एवढंच. त्या दिवशी तिनं निवलेली आंबील रांजणातून काढली, ताक घालून पातळ केली आणि हिरव्या मिरचीचा ठेचा, आलं आणि बारीक कांदा घातला. परातीत तिखट-मीठ लावलेले शेंगदाणे आणि सुक्या मटणाच्या चार फोडी. सगळं घेऊन ती अंगणात गेली, लिंबाखाली घोंगडी झटकून अंथरली आणि आत येऊन म्हणाली, "आवं, भायेर चला. हितं बसा."

आबा बसले. पहिल्या घोटाला ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "हां, हे बरं हाय."

थोड्या वेळानं शेजारचे कंडक्टर आले. त्यांना अल्सर होता, आणि तो ते लपवून दर जत्रेला मळ्यात जाऊन प्यायचे. मग वरच्या आळीतला नवा नवरा आला, त्याला सासुरवाडीच्या लोकांपुढं झिंगायचं नव्हतं. रजेवर आलेला एक फौजी आला. एक खरे माळकरीही आले. ते मटणाला शिवत नव्हते. नुसती आंबील पीत बसले. दिवस मावळेपर्यंत नऊ जण झाले. आमच्या गावात न पिणारे, किंवा त्या दिवशी पिऊ न वाटणारे, इतके लोक आहेत हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांना बसायला जागा नव्हती, एवढंच.

मामा तर्र होऊन मळ्यातून आले. पेल्याचा वास घेऊन म्हणाले, "दाजी, आंबलेलं ते आंबलेलंच की! मग आमच्यातच काय वाईट?"

आई आतूनच म्हणाली, "मग तू दह्यानं बी झिंगत आसशील, दादा."

त्या वर्षीच्या बेंदराला आबा घसरले. पावसाळ्यात थंडगार आंबील कुणी पीत नाही, आणि आईनं त्या सणाचं काही ठरवलंच नव्हतं. बैलांच्या मिरवणुकीतून ते मध्यरात्री आले. आई बोलली नाही. सकाळच्या पहिल्या एसटीनं त्यांना घेऊन डॉक्टरकडं गेली. त्यानंतर मात्र तिनं एकेक सण धरला. पाडव्यापासून पन्हं, पण कैरी चुलीच्या आरात भाजून, गूळ नावाला आणि मीठ, जिरं, मिरची जास्त. कोजागरीचं वेलदोडा-जायफळाचं दूध आबांना कधीच आवडलं नाही, ते मुकाट्यानं पीत. पावसाळ्यात आणि थंडीत हुलग्याचं माडगं. हुलगे भाजून दळायचे, लसूण-जिऱ्याची फोडणी द्यायची आणि ते पातळसर, कढत कढत वाटीत ओतायचं. पौषात हुरड्याच्या आगटीभोवती ती वाटी दोन्ही हातांत धरून आबा बसायचे. ते म्हणायचे, "तलफ घटकाभराची आसती. तेवढा वकुत हाताला आन् तोंडाला काम पायजे." तेवढ्यावर त्यांनी पुढं बावीस वर्षं काढली.

आपल्या राज्यात 1949 चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे. त्याप्रमाणे प्यायला परवाना लागतो म्हणे. आमच्या गावात तो कागद कसा दिसतो हे कुणी पाहिलेलं नाही. हल्ली तर हुरड्यालाही 31 डिसेंबर चिकटला. रानात गाड्या येतात, खोकी उतरतात आणि हुरडा नुसता चकण्याला उरतो. मागं माझा पुतण्या पुण्याहून बिनदारूच्या बिअरचे डबे घेऊन आला. नव्या पोरांना ठीक आहे. पण ज्यानं कष्टानं सोडलीय त्याच्या हातात तोच वास, तीच चव, तसाच डबा द्यावा असं मला वाटत नाही. आबांनी तो लांबूनच ओळखला असता. आंबिलीला दारूची आठवण होत नाही, हाच तिचा गुण.

आबा 2011 ला गेले. आईच्यानं आता रांजण उचलत नाही. माझी बायको करते, मिक्सरमध्ये ठेचा फिरवून, आणि आई काठी टेकत येऊन बोट बुडवून चव बघते, बहुतेक वेळा मीठ कमी असल्याचं सांगते. यंदा लिंबाखाली दोन घोंगड्या लागल्या.

मामा अजून घेतात. पंचाहत्तरी उलटली तरी सुटली नाही. पण जत्रेच्या दुसऱ्या दिवशी मळ्याकडं जायच्या आधी ते अंगणात येतात, आबांच्या जागेशेजारी टेकतात आणि दोन पेले आंबील पितात. यंदा तिसराही मागितला. मग काठी घेऊन उठले आणि मळ्याच्या वाटेला लागले.