समासातली नोंद

दौंडकडची गाडी आज सकाळी मला खुटबावच्या फलाटावर उतरवून पुढच्याच स्थानकाकडे, केडगावकडे, निघून गेली, तेव्हा मनात आले की १८९६-९७ च्या दुष्काळात निराश्रित झालेल्या स्त्रियांना पंडिता रमाबाईंनी जेथे आसरा दिला आणि त्यांची कन्या मनोरमाबाई हिने अंध मुलींना ब्रेल शिकविली, ते मुक्ती मिशन इतक्या जवळ असूनही, ज्या माउलीला मी भेटावयास चाललो होतो तिने आपल्या मतिमंद मुलाला निवासगृहात ठेवण्याचा विचार सत्तरी उलटेपर्यंत कोणापाशी उच्चारला नव्हता.

मी समन्वयक; म्हणजे अर्धा कारकून, अर्धा नातलग. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये, मूल अठरा वर्षांचे झाल्यावर कायदेशीर पालकत्वासाठी आईबापांनाही जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो, असे मी सांगताच, "मी आई हाये त्याची, आता दाखला कशाचा?" असे म्हणून त्या चुलीकडे वळल्या. उत्तर मजपाशी नव्हते.

माझ्या तक्त्यात औषधांना, फिटच्या तारखांना, शिधापत्रिकेला रकाने होते. परंतु तो चहा बशीतूनच पितो आणि गाडीची शिट्टी झाली की अंगणात येऊन हात हलवितो, याला रकाना नव्हता. ते मी समासात लिहिले.

निवासगृह रेल्वेपासून बरेच लांब आहे.