नाव नसलेल्या ३६ रचना

मार्च २००८ मध्ये 'नाइन इंच नेल्स' या अमेरिकी रॉक-समूहाने कसलाही गाजावाजा न करता 'घोस्ट्स १-४' हा अल्बम थेट महाजालावर खुला केला. ट्रेंट रेझनर हा या समूहाचा सर्वेसर्वा. त्याचा जखमी, संतप्त आवाज आमच्या परिचयाचा होता; येथे मात्र तो गातच नव्हता. दहा आठवड्यांत घडवलेल्या ३६ वाद्यरचना, आणि एकीलाही शीर्षक नाही. केवळ क्रमांक.

आम्ही दोघे तेव्हा तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होतो. पहिल्या नऊ रचना विनामूल्य होत्या. सगळ्यांसाठी पाच डॉलर, म्हणजे तेव्हाचे दोनशे रुपये. पण परदेशी पैसे भरता येतील असे कार्ड दोघांकडेही नव्हते. एका मित्राने अल्बम विकत घेऊन सीडीवर उतरवून दिला. ही चोरी नव्हती. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याद्वारे रेझनरनेच अशा बिगरव्यावसायिक वाटपास मुभा दिली होती. आयुष्यात प्रथमच आम्ही निर्मळ मनाने कॉपी केली. (पर्यवेक्षकाचे काम करणाऱ्यांना हे वाक्य लिहिताना थोडे चाचरायला होते.)

पहिल्या रचनेत पियानोचे मोजके स्वर आहेत. ते ऐकताच आमच्यातील एक म्हणाला, 'एकाकीपण'. दुसरी म्हणाली, 'पहाट'. मग तासभर वाद. आशय सांगता आला नाही तर कलाकृती समजलीच नाही, ही आमच्या व्यवसायाने लावलेली खोड! सतार ऐकतानाही आम्ही शब्दांपासून मुक्त नसतो. 'यमन' म्हटले की संध्याकाळ आधीच येऊन बसते. येथे राग नाही, प्रहर नाही, शीर्षक नाही. धरायला काहीच नव्हते, आणि आम्ही दोघे अक्षरशः चिडलो होतो. ती चीड चौथ्या-पाचव्या वेळी ऐकताना विरली. तेव्हा कुठे वाद्यांचा खरखरीत पोत, मध्येच तुटणारी लय, स्वरांमागची घरघर ऐकू येऊ लागली.

अल्बम निर्दोष नाही. अनेक रचना आकार घेऊ लागतात तोच संपतात. चित्रकाराच्या कच्च्या वहीसारखे वाटते. सुमारे एक तास पन्नास मिनिटे सलग ऐकणे जिकिरीचेच.

२६ मार्च २०२० रोजी, भारतातील टाळेबंदीच्या दुसऱ्या दिवशी, याच मालिकेचे आणखी दोन भाग अचानक आणि विनामूल्य आले. या वेळी रचनांना नावे होती. 'टुगेदर' ऐकताना काय वाटून घ्यायचे ते आधीच ठरलेले. 'टर्न धिस ऑफ प्लीज' या शीर्षकाची तर आम्ही आज्ञा पाळली.

पुढे एकदा वर्गात अर्थनिर्णयन शिकवताना आम्ही जुन्या अल्बममधील ३४ वी रचना लावली. बँजोसारखी तार छेडणारी, उदास. काहीही न सांगता, जे जाणवेल ते लिहा म्हटले. मागच्या बाकांवर लगेच गुणगुण सुरू झाली. लिल नास एक्सचे 'ओल्ड टाऊन रोड' हे गाणे याच तुकड्यावर उभे आहे; २०१९ साली ते अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत १९ आठवडे अग्रस्थानी होते. आम्हांला ते ठाऊक नव्हते. विद्यार्थ्यांनी मोबाइलवर ऐकवले.

बहुतेक वह्यांत घोडा होता. आता ती रचना लावली की आम्हांलाही तोच दिसतो.