मागे बसलेले मूल

सायकलवर मूल कसे न्यावे, हाही काय लेखाचा विषय झाला, असे कोणी म्हणेल. दोन वर्षांपूर्वी मीही तसेच म्हटले असते. आमच्या बदनावरात मूल मान धरू लागले की ते सायकलच्या दांडीवर बसलेच म्हणून समजावे. दांडीला टॉवेल गुंडाळावा, नाही तर बाजारात मिळणारी लहानगी सीट आवळून बसवावी. आई मागे कॅरियरवर एका अंगाला, तिच्या मांडीवर सर्वांत धाकटे. अशी अख्खी कुटुंबे बैजनाथ महादेवाचे दर्शन घेऊन सुखरूप घरी येत. आमचे घराणे पवारांच्या मागोमाग माळव्यात आलेले. बदनावर धार संस्थानातील एका परगण्याचे ठाणे होते, त्या काळात आजोबा कचेरीत कारकून होते आणि जन्मभर पायी हिंडले. वडिलांनी काळी, उंच सायकल घेतली तेव्हा आमच्या घराला प्रथम चाके लागली.

ती सायकल मी कैंची घालून शिकलो. दांडीखालून पाय घालून, अर्धे पायडल मारीत, तिरके तिरके जायचे. तेराव्या वर्षी पाय कसेबसे पुरू लागले आणि मी सीटवर बसू लागलो. त्यानंतरची पहिली महाशिवरात्र १९६८ सालची. बैजनाथाची जत्रा भरली होती. धाकटी बहीण पाच वर्षांची. तिने हट्ट धरला. आई म्हणाली, "घेऊन जा तिला, पण सावकाश." मी तिला कॅरियरवर बसवले, माझा सदरा घट्ट धरायला सांगितले आणि निघालो. सावकाश गेलो नाही, हे लिहिताना आजही हात अडखळतो. समोर शाळेतले दोन मित्र सायकलने चालले होते. त्यांना गाठायचे होते.

मागून एक किंकाळी आली आणि चाक जागच्या जागी थांबले. तिची उजवी टाच चाकाच्या तारांत गेली होती. ज्यांनी हा अपघात पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. फिरणारे चाक पाऊल नुसते कापीत नाही, ते त्याला ओढून नेते आणि तारा व मागची दांडी यांच्या बेचक्यात दाबून धरते. टाचेवरची कातडी हातमोजासारखी सोलून निघते. फसवा प्रकार असा की पहिल्या दिवशी जखम तितकीशी मोठी दिसत नाही. वर बसवलेली कातडी तीनचार दिवसांनी काळी पडू लागते, आणि मग कळते की ती मेलीच होती. तिचेही तसेच झाले. पट्टी बांधून घरी पाठवले, आठवड्याने पुन्हा न्यावे लागले, आणि पाऊल टेकायला तिला तीन महिने लागले.

वडील मला एक शब्दही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे झाले असते. त्यांनी लोहाराकडून पत्र्याच्या दोन अर्धगोल चकत्या करून आणल्या, मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना बसवल्या, कॅरियरच्या खाली पाय ठेवायला दोन लोखंडी कांबी लावल्या, आणि सायकल पुन्हा भिंतीला टेकून ठेवली. मी त्या सायकलवर नंतर कोणालाही मागे बसवले नाही. लग्न झाल्यावर पत्नीलाही नाही; तिचा समज असा की मला लाज वाटते.

आता मुलीच्या घराची गोष्ट. ती जर्मनीत म्यून्स्टर शहरी असते. ते गाव सायकलींचे म्हणूनच प्रसिद्ध आहे. जुन्या तटबंदीच्या जागी शहराभोवती लिंडन वृक्षांचा साडेचार किलोमीटरांचा वर्तुळाकार रस्ता केला आहे, आणि त्यावर मोटारींना मज्जाव. २०२३च्या जूनमध्ये मी प्रथम तिथे गेलो तेव्हा नात सात महिन्यांची होती. त्या रस्त्यावर पाहतो तो प्रत्येक दहाव्या सायकलमागे एक कापडी खोली धावते आहे! दोन चाके, अॅल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा, वर कापडाचे छप्पर, समोर जाळी, आत एक किंवा दोन मुले, कुणी झोपलेले, कुणी बिस्किट खाणारे. मागे उंच काठीवर नारिंगी निशाण. मुलीच्या घरीही तसली गाडी होती. मी तिचे नाव गाडुली ठेवले.

मला वाटले, आता नातीला घेऊन हिंडावे. मुलगी सरळ म्हणाली, "बाबा, आत्ता नाही. ती वर्षाची होऊ द्या." मला राग आला. तिकडे तान्ह्यांसाठी झोळीसारखे खास पाळणे मिळतात आणि काही आईबाप त्यांतून नेतातही, हे मी पाहिले होते. तेही बोलून दाखवले. ती म्हणाली, की अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संस्था वर्षाच्या आतले मूल सायकलवर वा तिच्यामागे नेऊच नका म्हणते, आणि तिला तेच पटते. कारण साधे आहे. त्या वयात डोके अंगाच्या मानाने जड आणि मान कोवळी. रस्त्याचा प्रत्येक हादरा मानेने झेलावा लागतो, आणि ज्याला नीट बसताच येत नाही त्याच्या डोक्यावर हेल्मेटचे ओझे घालायचे म्हणजे मानेवर आणखी भार. मी म्हणालो, "तुला मी सहाव्या महिन्यापासून दांडीवर बसवून नेत होतो." ती हसून म्हणाली, "आणि आत्याला?" ती सहज बोलली. तिला सारी हकीकत ठाऊकही नव्हती. आत्याच्या टाचेवर सायकलची खूण आहे एवढेच ऐकलेले. मी उठून बाल्कनीत गेलो.

२०२४च्या सप्टेंबरात पुन्हा गेलो, तेव्हा नात बावीस महिन्यांची झाली होती. या खेपेस परवानगी मिळाली, पण परीक्षा देऊन. तिथला कायदा असा, की गाडुलीत सात वर्षांखालची दोन मुले बसवता येतात आणि ओढणारा निदान सोळा वर्षांचा हवा. "सोळा पूर्ण आहेत ना बाबा?" असे विचारून तिने गाडुलीत नातीऐवजी पाण्याच्या बाटल्या पट्ट्याने बांधल्या आणि मला एक तास हिंडवले. त्या तासात मी जे शिकलो ते छप्पन्न वर्षांत शिकलो नव्हतो. मागचे ओझे ब्रेक लावल्यावर ढकलते, म्हणून थांबायला अंतर जास्त लागते. गाडुली सायकलपेक्षा रुंद. आपण जिथून निसटतो तिथून ती निसटत नाही. वळणावर तिचे आतले चाक आपल्या चाकाच्या रेषेने येत नाही, आतून कापत येते, आणि ते जर वेगात पायरीवर चढले तर गाडुली कलंडते. तिची मोठी करामत जोडणीत आहे. सायकलच्या मागच्या आसाला ती अशा सांध्याने जोडतात की सायकल आडवी पडली तरी गाडुली उभीच राहते. सांधा निखळलाच तर म्हणून एक जादा पट्टाही सायकलच्या सांगाड्याभोवती असतो. मूल जमिनीपासून वीतभर उंचीवर, पाच टोकांच्या पट्ट्यात बांधलेले, आणि चाकांच्या व त्याच्या मध्ये भिंत. हात बाहेर काढला तरी तारांपर्यंत पोहोचत नाही. त्या भिंतीवरून मी दोनतीनदा बोटे फिरवली.

नंतर नातीला घेऊन त्या लिंडनच्या रस्त्यावर मी दोन फेऱ्या मारल्या. ती दुसऱ्या फेरीत झोपली. तेवढेच.

खरी कथा पुढे बदनावरातच घडली. परत आल्यावर मी फोटो दाखवले आणि पुतण्याच्या डोक्यात ते बसले. त्याचे लोखंडी फाटकांचे वेल्डिंगचे दुकान आहे. "काका, यात काय आहे? दोन लहान सायकलींची चाके आणि चौकोनी पाइप." चार दिवसांत गाडी तयार! पाय कापलेली प्लास्टिकची खुर्ची आसाच्या वर, टेचात, राजासारखी. जोडणी थेट सीटच्या दांड्याला. मी म्हटले, आधी गहू बसव. घरातला पंधरा किलो गहू पोत्यात भरून खुर्चीला बांधला. पुतण्याने मंडईच्या आवारात पहिले वळण जोरात घेतले आणि गहू सिमेंटवर सांडला. तो सायकलवर अजून शाबूत बसलेला, मागे वळून म्हणतो, "काय झालं?" माझ्या छातीत धस्स झाले. मागे काय चालले आहे ते पुढच्याला कळत नाही, हेच तर या वाहनाचे दुखणे.

मग मी त्याला बसवून समजावले. खुर्ची आसाच्या खाली उतरवली, चाकांतले अंतर वाढवले, जोडणी सीटवरून काढून मागच्या आसापाशी आणली आणि नायलॉनचा जादा पट्टा घातला. मोडक्या मोटारीतले पट्टे आणले. दोन्ही बाजूंना प्लायवुड, समोर मच्छरदाणीची जाळी, म्हणजे चाकाने उडवलेला खडा डोळ्यात जायचा नाही. पाठीशी डोक्यामागे खोलगट जागा ठेवली, नाही तर हेल्मेटने मान पुढे झुकते. निशाण नारिंगी लावले तर लोक यात्रा निघाली समजून नमस्कार करू लागतील, असे पुतण्या म्हणाला. तरी तेच लावले. गहू आणखी सहा वेळा बसला. शेवटच्या तीन वेळा सांडला नाही.

तरीही एक गोष्ट मी ठामपणे सांगितली: ही गाडी रस्त्यावर न्यायची नाही. युरोपात अशा गाड्यांसाठी ई.एन. १५९१८ असे प्रमाण ठरले आहे. आमच्या वेल्डिंगचे प्रमाण म्हणजे पुतण्याचा शब्द. आणि आमचा रस्ता तो कोणता? गावाला खेटून लेबड-जावरा चौपदरी रस्ता, त्यावर रतलामकडे धावणारे ट्रक. त्याच रस्त्याने एका मोटारसायकलवर नवरा-बायको आणि दोन मुले निर्धास्त जाताना रोज दिसतात. फेब्रुवारी २०२३पासून नियम लागू आहे, की नऊ महिने ते चार वर्षांचे मूल मोटारसायकलवर न्यायचे तर त्याला चालकाशी जोडणारा पट्टा हवा, डोक्यावर हेल्मेट हवे (सायकलचेही चालते) आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको. मी अजून एकही तसा पट्टा बदनावरात पाहिलेला नाही. पुतण्याला म्हटले, गाड्या बनवायच्याच तर ते पट्टे शिवून वीक.

३ नोव्हेंबर २०२४ला भाऊबीज होती. रविवार, मंडई बंद, आवार मोकळे. बहीण देवासहून आली, सोबत तिचा अडीच वर्षांचा नातू. ओवाळून झाले, जेवणे झाली, आणि त्या मुलाने अंगणातली ती गाडी पाहिली. मग काय विचारता! पुतण्या म्हणाला, "काकांनाच ओढू दे, त्यांना तिकडचा अनुभव आहे." मी नको म्हणत होतो. बहिणीच्या सुनेने मुलाच्या डोक्यावर हेल्मेटही चढवले. मी बहिणीकडे पाहिले. तिच्यात आणि माझ्यात त्या जत्रेचा विषय छप्पन्न वर्षांत कधी निघालेला नाही. तिने उंच टाचेची चप्पल कधी घातली नाही, आणि मी का म्हणून विचारले नाही.

ती काही बोलली नाही. आम्ही सारे मंडईच्या आवारात गेलो. तिने पदर खोचला, गुडघ्याला हात देऊन खाली बसली, नातवाचे दोन्ही पाय धरून पाहिले, पट्टा ओढून पाहिला, मग प्लायवुड आणि चाक यांच्या फटीत आपली बोटे घातली आणि चाक हाताने हळूहळू पूर्ण फिरवले. एका बाजूचे झाल्यावर उठून दुसऱ्या बाजूचे. सगळे उभे होते. कोणी हसले नाही.

मग उभी राहून म्हणाली, "चल दादा. सावकाश."

मी मंडईला दोन फेऱ्या मारल्या. पायी चालणाऱ्या माणसाने मागे टाकावे इतक्या सावकाश. ती सगळा वेळ गाडीच्या उजव्या चाकाच्या बाजूने चालत होती.