प्लेगच्या काळातला क्रूस

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी रोज थोडं चालायला सांगितलं. संध्याकाळी मी अंधेरीच्या गावठाणातल्या क्रुसापर्यंत जाते. त्याच्यावर झेंडूचा हार असतो, पायथ्याशी मेण साचलेलं असतं.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा साष्टीच्या गावागावांत ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांनी असे कित्येक क्रूस उभारले. हाफकिन यांची प्लेगवरची लस १८९७च्या जानेवारीत मुंबईतच तयार झाली, तरी साथ कित्येक वर्षं रेंगाळली. म्हणजे क्रूस उभा राहिल्यावरही घरातली माणसं जात होती. तरीही लोक तिथे जमत राहिले. का, हा प्रश्न दुखण्यात रात्री झोप लागत नाही तेव्हा हटकून येतो.

तेव्हा मला पंडिता रमाबाई आठवतात. दुष्काळात आई-वडील गेले, मग भाऊ, मग नवरा. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमाही. तरी मराठी बायबलचं काम त्यांनी १९२२ साली मरण येईपर्यंत सोडलं नाही.

गेथशेमाने बागेत येशूनेही दुःखाचा प्याला टळावा म्हणून विनवलं होतं. तो टळला नाही. मला बळ मिळतं ते इथेच. माझा देव वेदना बाहेरून बघणारा नाही, त्याने ती सोसली आहे.

वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवरची बाई मात्र घरी परतली नाही. प्रार्थना तीही करत होती. याचं उत्तर माझ्याकडे नाही. तिच्यासाठी मी अजून प्रार्थना करते.