माझी बाजू

आत्मपरीक्षण म्हणजे विचार करणं, अशी माझी कित्येक वर्षं ठाम समजूत होती. रात्रीची जेवणं झाली की मी वही घेऊन बसायचो. आज कोणाशी खटका उडाला, कशावरून उडाला, मी काय बोलायला हवं होतं, सगळं लिहून काढायचो. डोळे मिटून श्वासाकडे बघत बसणारी माणसं प्रश्नाला भिडायचं सोडून पळ काढतात, असं माझं मत होतं आणि ते मी चारचौघांत बोलूनही दाखवलं आहे. आता तसं वाटत नाही.

इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला गेलो तो बहिणीच्या आग्रहाखातर. तिथे दाखल होतानाच फोन जमा करावा लागतो. बोलायचं नाही, वाचायचं नाही आणि लिहायचंही नाही. फोनचं मला काही वाटलं नाही. वहीचं वाटलं. पहाटे चारला घंटा होते, साडेचारला बैठक. सुरुवातीचे दिवस फक्त आनापान, म्हणजे नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास जाणत राहायचं. चौथ्या दिवशी विपश्यना देतात. मग डोक्यापासून पायांपर्यंत लक्ष फिरवायचं. ऊब, मुंग्या, कळ, धडधड, जे असेल ते पाहायचं आणि त्याचं काहीही करायचं नाही. रोज तीन बैठका अधिष्ठानाच्या असतात. त्या तासाभरात हात, पाय, डोळे उघडायचे नाहीत.

अशाच एका बैठकीत थोरल्या भावाची आठवण आली. गावाकडच्या घराच्या वाटणीवरून आमचं बोलणं तुटलेलं. वहीत त्याच्यावर पानंच्या पानं होती. इथे लिहायची सोय नव्हती, उठून जायचीही नव्हती. छाती तापली, जबडा आवळला, आणि मग मनात एकेक मुद्दा उभा राहू लागला. हा क्रम मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. अंग आधी पेटत होतं, कारणं मागाहून येत होती. वहीत इतकी वर्षं मी माझंच वकीलपत्र घेऊन बसलो होतो. लिहिलेलं खोटं नव्हतं, पण निकाल दर वेळी माझ्याच बाजूने लागत होता.

घरी आल्यावर थोड्याच दिवसांत राग पूर्वीसारखा येऊ लागला. शिबिरातली शांतता घरी टिकत नाही; सकाळ-संध्याकाळ तासभर बसा, असं तिथे सांगतात ते उगाच नाही. सत्यनारायण गोएंका यांनी 1969 मध्ये ही साधना ब्रह्मदेशातून भारतात आणली. त्यांचे गुरू सयाजी ऊ बा खिन संन्यासी नव्हते. ब्रह्मदेश 1948 मध्ये स्वतंत्र झाल्यावर ते तिथले महालेखापाल झाले, आणि आपल्या कचेरीतल्या माणसांना ध्यान शिकवत राहिले. हिशेबाच्या फायलींत दिवस घालवणाऱ्या गृहस्थाने हे जपलं, याचा मला डोंगरावरच्या मौनापेक्षा जास्त धीर वाटतो. माझा सकाळचा तास बहुधा होतो, संध्याकाळचा पुष्कळदा चुकतो.

सगळंच पटलं असं नाही. शिबिरातल्या प्रवचनांतला पुनर्जन्म मला आजही मान्य नाही. गंभीर मानसिक आजार असलेल्याने या शिबिराला जाऊ नये, असं तिथलीच माणसं सांगतात, आणि उत्साहाच्या भरात ते कोणी दुर्लक्षू नये. शिवाय नुसतं पाहून भागत नाही, हे माझं जुनं मत कायम आहे. ज्याचं जे देणं लागतो ते द्यावंच लागतं. म्हणून भावाला फोन मीच केला. वाटणीचं अजून ठरलेलं नाही, बोलताना कधी दोघांचेही आवाज चढतात. पण परसातली विहीर वाटून न घेता दोघांची सामाईक ठेवावी, हे त्याचं म्हणणं, ज्याला मी हट्ट म्हणत आलो, मला आता योग्य वाटतं. तसं मी त्याला सांगितलं आहे.